नाथाची रेवडी, प्रभूची भाकर

कडूबाईनं पोरीला मोटरच्या खोलीतून वेणीला धरून बाहेर ओढलं, तेव्हा काकासाहेबांच्या रानात कांद्याचे निम्मे वाफे लावायचे राहिले होते. रोप पिवळं पडत चाललं होतं. विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती आणि लाईट यायची ती भर दुपारी. अशा दिवसांत कुणाच्या घरात काय पेटलंय हे बघायला रानमालकाला सवड नसते. काकासाहेब बांधावरूनच ओरडले, "कडूबाई, काय मारायचं ते घरी जाऊन मारा. हितं वाफ्यातनं पानी फुटलंय."

कडूबाईनं ऐकलं नाही. हातात आली ती रोपाची जुडी, मग चप्पल, मग नुसता हात. सुवार्ता मार चुकवत नव्हती. एकोणीस वर्षांची पोरगी, आईपेक्षा वीतभर उंच, पण खाली मान घालून उभी होती. खोलीच्या दारातून दिशा बाहेर आली, ओढणी सारखी केली आणि आपल्या आईकडं, लंकाबाईकडं, पळत गेली. टोळीतल्या बायका चिखलात उकिडव्या बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले आणि तोंडं सुरू झाली.

काकासाहेबांच्या रानात एका वाफ्याला दोघी बसायच्या, समोरासमोर, दोन वरंब्यांवर. ओल्या चिखलात बोटानं रोप दाबत दाबत वाफ्याच्या मध्याला यायचं. जोडी एकदा ठरली की हंगामभर मोडत नाही, कारण दोघींचा हात सारखा पडावा लागतो. सुवार्ता आणि दिशा ही तीन हंगामांची जोडी होती. या दोन पोरींचा वाफा सगळ्यांच्या आधी संपतो म्हणून काकासाहेब बाकीच्यांना टोमणे मारायचे. तेव्हा कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

कडूबाईइतकी नेमाची बाई आसपासच्या वस्त्यांत नव्हती. सुवार्ताला बारा वर्षं पुरी झाली त्या दिवसापासून तिनं एसटीत पोरीचं अर्धं तिकीट घेणं बंद केलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बारकी दिसती, राहू द्या." तर म्हणाली, "तुला बारकी दिसती. वरच्याला वय म्हाईत हाय." खोटं बोलणाऱ्याची जीभ नरकात जळते हे ती उपदेशातलं वाक्य म्हणून सांगत नसे, तव्याला हात लावू नको म्हणावं तसं सांगे.

घरावर पास्टर रंगनाथचा मोठा उपकार होता, आणि तो खरा होता. नवरा पुंजाराम पूर्वी दारूत बुडालेला. पास्टरनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पुंजाराम तीन दिवस ओकला आणि त्यानंतर त्यानं बाटलीला हात लावला नाही. त्या सुटलेल्या दारूवर घराचे पत्रे आले, पोरीची बारावी झाली. म्हणून त्या घरात पास्टरचा शब्द कधी खाली पडत नसे. टीव्ही नाही, बांगडी नाही, कपाळाला काही नाही, यात्रेजत्रेचं नाव नाही. रविवारी पांढरे कपडे घालून पत्र्याच्या प्रार्थनाघरात जायचं. तिथं प्रभूच्या नावानं सगळ्यांना तुकडा तुकडा वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर सुवार्ता करायची, पातळ आणि गोल, कारण तिचा हात चांगला म्हणून मंडळीनं तिच्यावर सोपवली होती.

वयात येताना बाकीच्या पोरींना जे पोरांकडं बघून होतं, ते सुवार्ताला दिशाकडं बघून झालं. ती काही अडाणी नव्हती. त्याला काय म्हणतात हे मोबाईलवर होतं आणि पास्टरच्या उपदेशातही होतं, सदोम नावाचं पापी शहर आणि त्याच्यावर पडलेली आग या दोहोंच्या मध्ये. ते जावं म्हणून तिनं मनापासून प्रार्थना केली, गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत. प्रार्थना संपली की सकाळ व्हायची आणि वाफ्याच्या पलीकडं दिशा येऊन बसायची, कोपरापर्यंत चिखलाची, हसत. मग एके दिवशी सुवार्तानं ते मागणंच सोडून दिलं. तेव्हा तिला पहिल्यांदा देव जवळचा वाटला, आणि हे ती कुणाला सांगणार?

संध्याकाळी पास्टर आला. फटफटी लावली, पाणी प्याला, खुर्चीत बसला. सुवार्ता खाली बसली होती. गालावर चपलेचा वळ होता.

"बेटा," पास्टर म्हणाला, "तू विश्वासी घरातली मुलगी. हे तुझ्यातून आलेलं नाही, बाहेरून आलंय. आठवून सांग, त्या मुलीच्या घरचं काही खाल्लंस का?"

"भाजी-भाकर खाल्ली. रानात सगळ्याच खात्यात."

"तसं नाही. देवाला वाहिलेलं काही?"

सुवार्तानं जरा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "मागल्या शिमग्यात मढीची रेवडी दिल्ती तिनं. नाथाच्या यात्रेची."

पास्टरनं पुंजारामकडं बघितलं आणि पुंजारामनं पास्टरकडं. दोघांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. पोरीच्या मनात काय आहे यावर दोघांकडं औषध नव्हतं. रेवडीवर होतं.

"म्हंजे बाधा हाय," पुंजाराम म्हणाला. "मी म्हनलंच, माझी पोरगी आसली न्हाई."

"तीन दिवस उपास," पास्टर म्हणाला. "आणि रविवारी मंडळीसमोर साक्ष. तोंडानं कबूल केलं की बंधन तुटतं. त्या मुलीचं नाव घेऊन सांगायचं, हिनं मला मूर्तीची रेवडी खाऊ घातली, तेव्हापासून माझ्यात अशुद्ध आत्मा शिरला आणि आता प्रभूनं मला मोकळं केलं. आपण मोबाईलवर घेऊ. चॅनलवर टाकू. कितीतरी कुटुंबांना आधार होईल."

"नाव कशाला घ्यायचं?" सुवार्तानं विचारलं.

"नाव लपवलं की आत्मा लपतो."

पास्टर गेल्यावर कडूबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "रेवडीनं काय हुतंय? ल्हानपनी मी लई खाल्लीया मढीची रेवडी."

"तू गप," पुंजाराम म्हणाला. "तुला पास्टरपेक्षा जास्त कळतंय का?"

कडूबाईनं प्रभुभोजनाच्या पिठाचा डबा पोरीच्या हातातून काढून घेतला. रविवारची भाकर आता ती स्वतः करणार होती. सुवार्ताला मार लागला नव्हता तेवढं ते लागलं.

दुसऱ्या दिवसापासून वाफ्याच्या पलीकडं दिशाच्या जागी कडूबाई बसू लागली. पोरीवर नजर राहावी म्हणून. कडूबाईचा हात मंद, सुवार्ताचा चपळ, त्यामुळे सुवार्ता मध्यापर्यंत यायची आणि आईची वाट बघत बसायची. आई मान वर करायची नाही. सकाळी चिखल बर्फासारखा गार, दुपारी वरून ऊन. रोपांच्या मुळांनी बोटांची टोकं फाटली होती आणि त्यात कांद्याचा रस झोंबत होता. उपासाच्या दुसऱ्या दिवशी सुवार्ताला वाफ्यातलं पाणी हिरवं दिसायला लागलं. ती कलंडली आणि तिचा हात खांद्यापर्यंत चिखलात गेला.

"ऊठ," कडूबाई म्हणाली. "मालक बघतुया."

सुवार्ता उठली. टोळीतली एक बाई पाण्याची बाटली घेऊन निघाली होती, ती वळसा घालून दुसरीकडं गेली. पाण्याला कुणाचा विटाळ होईल अशी भीती या बायकांना आजवर कधी वाटली नव्हती. चार वाफे सोडून दिशा आपल्या आईसमोर बसली होती. दिवसभरात तिनं एकदाही इकडं बघितलं नाही. सुवार्तानं मात्र बघितलं. दिशाची रोपं तिरकी लागत होती.

साक्षीत काय बोलायचं हे पुंजाराम रोज रात्री पाठ करून घ्यायचा. सुवार्ता सगळं म्हणायची, फक्त नावाच्या जागी थांबायची. तिला गणित स्वच्छ दिसत होतं. नाव घेतलं की ती घरात राहील, भाकर पुन्हा तिच्या हातात येईल, बाप मान वर करून हिंडेल. आणि दिशा? ती मोबाईलवर प्रत्येक वस्तीत पोचेल. तिच्या भावाचं, आदिनाथचं, डोकं किती गरम आहे ते सगळ्यांना माहीत होतं. बहिणीचं काय करायचं ते तो करील, वर नाव धर्माचं सांगेल.

पण अशा गोष्टी रविवारपर्यंत झाकून राहत नाहीत. मंडळीतल्या कुणीतरी 'प्रार्थना करा' म्हणत रेवडीची गोष्ट शेजारणीला सांगितली आणि शनिवारी सकाळी लंकाबाई वाफा सोडून कंबर बांधून कडूबाईसमोर येऊन उभी राहिली.

"काय गं, आमच्या नाथाच्या रेवडीला भूत म्हनता व्हय तुमी?"

"मी न्हाई म्हनलं," कडूबाई रोप दाबत म्हणाली.

"तुमचा पास्टर म्हनला. आगं, गाव जातंय मढीला. आजपतुर कुनाला न्हाई लागलं भूत, तुझ्याच पोरीला बरं लागलं?" लंकाबाईनं मागं वळून हाक मारली, "दिशे, हिकडं ये. सांग सगळ्यांना, तुला काय खायाला घातलं ते."

दिशा आली. तिच्या मनगटावर हिरवे-निळे डाग होते. तिच्याही घरात पाठांतर झालेलं दिसत होतं.

"भाकर," ती जमिनीकडं बघून म्हणाली. "त्यांच्या चर्चची भाकर. हिनं दिली. म्हनली, खा, आन् मग आमच्यात ये."

सुवार्ताचे हात चिखलातच राहिले. भाकर दिली होती हे खरं. प्रभुभोजनासाठी करताना जास्तीची झाली ती एकदा रानात आणली होती आणि दोघींनी लोणच्याशी खाल्ली होती. 'आमच्यात ये' हे मात्र कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. दिशाला मारून मारून विचारलं असणार आणि मार थांबावा म्हणून तिनं हे दिलं असणार. सुवार्ताला ते कळलं, तरी राग यायचा तो आलाच.

दुपारपर्यंत आदिनाथ पोरं घेऊन रानात आला. धर्मांतराची तक्रार करतो, पास्टरला आत घालतो, पत्र्याचं प्रार्थनाघर ठेवत नाही, अशी भाषा सुरू झाली. मंडळीतले चार-पाच जण फटफट्यांवर आले. बायकांनी हात धुतले. टोळी मोडली. सोडलेलं पाणी वाफ्यांत भरून वाहायला लागलं आणि उपटलेलं रोप बांधावर सुकायला लागलं. तेव्हा कुठं काकासाहेबांना वस्तीच्या ऐक्याची काळजी वाटली.

"चला, खळ्यावर बसू," ते म्हणाले. "पोलीस-बिलीस नको. दोन्हीकडचं ऐकू आन् मिटवू. माझं रोप मरतंय हितं."

खळ्यावर ताडपत्री अंथरली. एका अंगाला आदिनाथची पोरं, दुसऱ्या अंगाला पास्टर आणि मंडळी. मध्ये काकासाहेब. बायका मागं. पास्टर बायबल मांडीवर घेऊन बसला होता, पण ते त्यानं उघडलं नव्हतं. त्याचं प्रार्थनाघर कशाकशातून उभं राहिलं होतं ते त्यालाच ठाऊक. हातघाईवर आलं असतं तर पत्रेही राहिले नसते. सुवार्ताला त्याचा द्वेष करायचा होता. त्या घडीला तिला त्याची कीवच आली.

तासभर भांडण चाललं. रेवडीत भूत होतं की नव्हतं. भाकर देणं म्हणजे धर्म बदलणं की नाही. आधी कुणी कुणाला खायला घातलं. मोटरच्या खोलीचं नाव दोन्हीकडून कुणी काढलं नाही. दोन्ही घरांना धर्माचं भांडण परवडत होतं. त्यात अब्रू जात नाही, उलट चार माणसं पाठीशी उभी राहतात. पोरी एकमेकींवर जीव लावून बसल्या, हे म्हटलं की पाठीशी कोण उभं राहणार?

"सोडनार न्हाई," आदिनाथ उठून उभा राहिला. "आत्ताच्या आत्ता ठान्यात चला. दिशा, तू जबाब देशील. सगळं सांगायचं. कुठं, कवा, कसं."

दिशानं तेव्हा मान वर केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुवार्ताकडं बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती, प्रेमही नव्हतं. नुसती भीती होती. ठाण्यात 'कुठं' विचारलं की मोटरची खोली आली, आणि खोली आली की दोघी आल्या.

सुवार्ता उठली. पोटात अन्न नव्हतं म्हणून खांबाला धरून उभी राहिली.

"रेवडी मी मागून खाल्ली," ती म्हणाली. "तिच्यात भूत न्हवतं. भाकर मी दिली, तिला भूक लागली हुती म्हनून. धर्माचं कुनी कुनाला काय बोललं न्हाई. मला दिशा आवडती. नवरा-बायकूत आसतं, तसं. माझ्यात ते पहिल्यापसनं हाय, कुनी घातलेलं न्हाई." ती थांबली. पुढचं बोलायला तिला सगळ्यात जड गेलं. "माझ्याच मनात हुतं. दिशाला यातलं काय ठाऊक न्हाई."

कुणीतरी हसलं. एक पोरगा थुंकला. दिशानं मान खाली घातली आणि ती घातलेलीच ठेवली. तीन हंगाम, मोटरच्या खोलीतल्या दुपारी, सगळं सुवार्तानं एका वाक्यात नाही म्हणून टाकलं होतं आणि दिशानं ते राहू दिलं.

काकासाहेबांनी घसा साफ केला. "कडूबाई, खोलीत तुमी गेल्ता. तुमी काय बघितलं?"

सगळी तोंडं मागं वळली. कडूबाई उभी राहिली. तिचा शब्द म्हणजे शिक्का, हे लंकाबाईसुद्धा मान्य करायची. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"ती पोर झोपली हुती," कडूबाई म्हणाली. "पोत्यावर. ही तिच्याजवळ बसून तिच्याकडं बघत हुती. तिला कायबी कळलं न्हाई."

मग फार वेळ लागला नाही. इतका वेळ समोरासमोर बसलेली माणसं एका अंगाला झाली. लंकाबाई म्हणाली, तुमची घाण तुमच्याकडं ठेवा. पास्टर म्हणाला, ही आजपासून मंडळीत नाही. आदिनाथनं पास्टरला 'काका' म्हणून हाक मारली आणि आमचं तुमच्याशी काही वैर नाही, असं सांगितलं. आपापल्या पोरीबाळी सांभाळायला पाहिजेत यावर दोन्ही धर्मांचं एकमत झालं. काकासाहेबांनी सगळ्यांना चहा दिला. उद्या रविवार असला तरी लागण करायची, असं ठरलं आणि पास्टरनंही त्याला हरकत घेतली नाही.

घरी पुंजारामनं पोरीला हात लावला नाही. ओट्यावर तिची बॅग आणून ठेवली आणि तिच्याकडं पाठ करून बोलला.

"तू हितं ऱ्हायलीस तर मी परत पीन. मला ठाऊक हाय. दुपारपसनं तोंडाला पानी सुटलंय."

बाप खोटं बोलत नव्हता. त्यानं मारलं असतं तर सुवार्ताला बरं वाटलं असतं.

सकाळी ती तिसगावच्या स्टँडकडं निघाली. नगरजवळच्या नागापूरला एका कंपनीत पॅकिंगला जाणारी बारावीपासूनची मैत्रीण होती. तिनं फोनवर ये म्हटलं होतं, कारण विचारलं नव्हतं. कडूबाई पुढं चालत होती. पोरीला सोडायला आले, असं ती म्हणाली नाही. बरोबरही चालली नाही. अंगावर रविवारची पांढरी साडी नव्हती, रानातली होती.

स्टँडवर दोघी उभ्या राहिल्या. नगरची गाडी यायची होती. सुवार्तानं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ती पोर जागी हुती," कडूबाई रस्त्याकडं बघत म्हणाली.

सुवार्तानं बॅग खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"तिचा हात तुझ्या केसांत हुता. दारातनं मला समदं दिसलं."

"मग खोटं का बोललीस?"

"तू बोललीस म्हनून." कडूबाई एकदम उसळली. "तू तिच्यापायी सगळं आपल्या डोक्यावर घिऊन उभी ऱ्हायलीस. मी खरं बोलले आसते तर तुझं समदं फुकट गेलं आसतं. आयुष्यात खोटं बोलले न्हाई मी. तुझा बाप पिऊन पडायचा तवा बी लोकांना खरंच सांगितलं. आन् काल समद्या गावापुढं बोलले. तुझ्यापायी."

"माफी माग, आई. तूच म्हनतीस ना, मागितली की मिळती."

"मागितली की. रातभर गुडघ्यावर हुते." गाडी वळणावर दिसली. कडूबाईनं बॅग पोरीच्या हातातून हिसकावून घेतली आणि गाडीच्या दिशेनं चालायला लागली. "नुसतं चुकलं म्हनून भागत न्हाई. पुन्यांदा करनार न्हाई, आसं म्हनावं लागतंय, तवा माफी."

"मग?"

गाडी थांबली. दार उघडलं. कडूबाईनं बॅग आत टाकली आणि पोरीच्या पाठीला ढकललं, जोरात, मारल्यासारखंच.

"तेवढं म्हनवंना मला," ती म्हणाली. "जा आता."